झाकणावरचा हात

आमच्या घराला आतून कुलूप असतं. फुलपाड्यातल्या आमच्या इमारतीत माणसं कामाला गेली की दाराला कुलूप लागतं, आमच्याकडे माणसं घरात आहेत म्हणून लागतं. किल्ली माझ्या गळ्यात, काळ्या दोऱ्यात. मंगळसूत्र मी सणासुदीलाच घालते, किल्ली मात्र अंघोळीलाही काढत नाही. दूधवाला, कुरिअरवाला, वरच्या मजल्यावरची शेजारीण, सगळ्यांशी मी जाळीच्या दारातून बोलते. शेजारीण एकदा म्हणालीसुद्धा, "तुमच्याकडे आलं ना, की तुरुंगात डबा घेऊन आल्यासारखं वाटतं." मी हसले, आणि ती गेल्यावर अशी काही चिडले की पोळीच करपली.

कुलूप सासूबाईंसाठी. त्यांचं डोकं गेल्या काही वर्षांत हळूहळू रिकामं होत गेलंय. सुनेचं नाव गेलं, मुलाचं अधूनमधून येतं-जातं, पण वाडी काही गेली नाही. वसईच्या बाजूला त्यांची बागायत होती, केळी, मोगरा, विड्याची पानं. ती विकली, तिथे टॉवर झाला, आणि त्यातल्या पैशात आम्ही इथे आलो. हे सगळं त्यांनी स्वतः सही करून केलेलं. पण आता रोज सकाळी त्यांना वाडीला पाणी लावायला जायचं असतं. एकदा मी गॅसवर दूध ठेवून आतून फोन आणायला गेले, तेवढ्यात ही बाई जिने उतरून नाक्यावर! रिक्षावाल्याला सांगत होती, "चल, केळी सुकल्या." तो बिचारा भला माणूस, त्यानं तिथेच बसवून ठेवलं. त्या दिवशी नवऱ्यानं कुलूप आणलं. तो मुंबईला कामाला जातो, अंधार पडल्यावर येतो. कुलूप त्यानं आणलं आणि किल्ली माझ्या गळ्यात घातली, म्हणजे वाटणी कशी झाली ते कळलंच असेल.

मी इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनीअर. अंधेरीला एका कंपनीत रेडिओचे सर्किट काढत होते, चांगलं नाव होतं माझं. नोकरी सोडली तेव्हा सगळे म्हणाले, घरूनच काहीतरी कर ना. काहीतरी! जसं काही सर्किट म्हणजे कुरडया आहेत, गच्चीत वाळत घातल्या की झाल्या. तरी मी जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग पकडला, सोल्डरिंगची कांडी, मल्टिमीटर, सिग्नल पडद्यावर रेघेसारखा दाखवणारा, हातात मावेल एवढा एक अ‍ॅनलायझर घेतला, आणि बसायला लागले. अर्ध्या टेबलावर जेवण, अर्ध्यावर मी.

गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला माझ्या जुन्या साहेबांचा फोन आला. त्यांनी आता वसई पूर्वेला औद्योगिक वसाहतीत एक गाळा घेतलाय, छोटाच, पाचसात माणसांचा. मच्छीमार बोटींवर जो रेडिओ असतो, त्याच्या अँटेनाजवळ बसेल असा एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर त्यांना हवा होता. लांबचा, क्षीण आवाज आधी तिथेच थोडा मोठा करायचा आणि मग खाली रेडिओकडे पाठवायचा. "तू काढ," साहेब म्हणाले. "नारळी पौर्णिमेच्या आत हवा, मग बोटी दर्यात जातात, मला कोणी दारात उभं करणार नाही. जमला तर डिझाइनचं काम कायमचं तुझ्याकडे. पण गाळ्यावर यावं लागेल, रोज. घरून नाही चालणार."

रोज! मी फोन ठेवला तेव्हा माझे कान गरम झाले होते. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "परकी बाई ठेवायची म्हणजे... आईला जमेल का?" मी म्हटलं, "अरे, आईला मी तरी कुठे ओळखीची आहे?" बरंच बोलणं झालं, त्यातलं सगळं इथे लिहीत नाही. शेवटी ठरलं ते एवढं: काम पक्कं झालं तर सासूबाईंना सांभाळायला बाई ठेवायची आणि मी जायचं. नाही झालं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. तो ‘तुझ्यासाठीच सांगतोय’ असंही म्हणाला. मी ताटं उचलली.

म्हणजे त्या एका डबीवर माझं बाहेर पडणं ठरलेलं होतं. हे मी रोज सकाळी उठल्यावर स्वतःला सांगायची.

ट्रान्झिस्टरला तीन पाय असतात, एमिटर, बेस आणि कलेक्टर, हे शाळेतल्या मुलांनाही माहीत आहे. तिन्हींतला एक सिग्नलसाठी जमिनीला बांधायचा, उरलेल्या दोनांपैकी एकातून सिग्नल आत घ्यायचा आणि दुसऱ्यातून बाहेर काढायचा. कोणता पाय बांधता यावर त्याचं वागणं ठरतं. बहुतेक लोक एमिटर बांधतात आणि बेसमधून आत जातात, तो सरळ मार्ग. अँटेनासारख्या कामाला मात्र बेस बांधून एमिटरमधून आत शिरणं बरं, याला कॉमन बेस म्हणतात. यात गंमत अशी की प्रवाह वाढतच नाही. जेवढा आत येतो, जवळजवळ तेवढाच बाहेर जातो. फक्त आत येताना त्याला अगदी कमी अडथळा असतो आणि बाहेर पडताना मोठा, त्यामुळे बाहेरचा व्होल्टेज मोठा दिसतो. अँटेनाच्या केबलला समोर पन्नास ओहम लागतात. तेवढे मिळाले की ती सगळं मुकाट देते, नाही मिळाले की अर्धं परत फिरवते.

पहिला मी साध्या ट्रान्झिस्टरचा कॉमन बेसच काढला. हिशेब सोपा, अर्धा मिलिअँपिअर प्रवाह ठेवला की पन्नास ओहम हजर. लावला, झकास चालला. आणि मग बाहेर रस्त्यावरून कोणाची तरी वायरलेस लावलेली गाडी गेली आणि माझ्या सर्किटची बोबडीच वळली. एवढ्याशा प्रवाहावर जगणारा प्राणी, जवळ कोणी जोरात ओरडलं की गुदमरणार नाही तर काय? बंदरावर तर बोटीला लागून बोट, प्रत्येकीवर रेडिओ. प्रवाह वाढवावा तर पन्नासाचे पाच ओहम होतात. झाला ना घोळ! दोन दिवस मी त्या दोन अटींच्या मधे नुसती फिरत होते, टेबलापासून खिडकीपर्यंत आणि परत. बाहेर जायचं तर किल्ली काढायला हवी, आणि किल्ली काढली की सासूबाई चपला शोधायला लागतात.

मग कॉमन गेटवर आले. तेच, पण वेगळ्या जातीचा ट्रान्झिस्टर, फेट म्हणतात त्याला. त्यात बेसच्या जागी गेट, एमिटरच्या जागी सोर्स, कलेक्टरच्या जागी ड्रेन. गेट जमिनीला बांधायचा, सोर्समधून आत, ड्रेनमधून बाहेर. हा भरपूर प्रवाह पिऊनही समोर पन्नासाच्या आसपास ओहम दाखवतो, त्यामुळे गुदमरत नाही. खोड एकच. एकाच पुडीतले, एकाच नंबरचे फेट, पण प्रत्येकाचा स्वभाव निराळा. एकाला एवढं दिलं की पुरतं, दुसऱ्याला तेवढ्यानं काहीच होत नाही. म्हणून मी बोर्डावर एक सॉकेट बसवलं, म्हणजे फेट सोल्डर न करता खोचायचा, नाही पटला तर उपटून दुसरा खोचायचा. तांब्याच्या पत्र्याचा बोर्ड, त्याच्या चारी बाजूंना पत्र्याच्या भिंती, आणि वर झाकण. झाकण मी तुपाच्या डब्याच्या पत्र्यातून कापलं. ते नुसतं वर ठेवलेलं, कारण फेट बदलायला सारखं उघडावं लागायचं.

या सगळ्यात सासूबाई कुठे होत्या? माझ्या शेजारच्या खुर्चीत. त्यांना एकटं ठेवलं की दाराशी जाऊन कडीशी झटापट करायच्या, "मला सोड बाय, पानी लावायचं हाय," आणि ते ऐकून मला रडू यायचं नाहीतर राग यायचा, दोन्हीत काम होत नाही. म्हाताऱ्या माणसाच्या हाताला काम द्यावं, म्हणजे ते बसतं, हे आमच्याकडे सगळ्यांनाच ठाऊक. वाती वळायला द्या, भाजी निवडायला द्या. मी भिजवलेले वाल सोलायला द्यायची. कधीकाळी त्या मणभर वाल सोलणाऱ्या, त्यामुळे वाटीभर वाल कधी संपायचे कळायचंच नाही. किती वाल खाणार माणूस? नवरा म्हणाला, "आज पुन्हा बिरडं?" मी म्हटलं, "तू घरी बस, मी पनीर करते."

डबी तयार करून पहिल्यांदा मापं घ्यायला बसले, तर पंख्याच्या वाऱ्यानं माझं ते तुपाच्या डब्याचं झाकण थरथरायला लागलं. पंखा बंद केला तर सासूबाईंना उकडतं. वाल तर संपलेले. मी त्यांचा हात उचलला आणि झाकणावर ठेवला. "आई, हे धरून ठेवा हं. घट्ट. सोडू नका. तुम्ही सोडलंत की माझं काम बिघडतं."

त्यांनी झाकणाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुझं काम?"

"माझं काम."

"नाय सोडत," त्या म्हणाल्या, आणि अशा काही बसल्या की बास! पाठ ताठ, तळहात झाकणावर सपाट, जसं काही खाली विरजण लावलंय आणि कोणीतरी हलवेल. दाराकडे एकदाही पाहिलं नाही. मला वाटलं, अगं बाई, हे आधी का नाही सुचलं? त्या दिवसापासून तेच. मी मापं घ्यायला बसले की त्या आपणहून खुर्ची ओढायच्या आणि विचारायच्या, "धरू?"

आणि माझी मापं? देखणी! अ‍ॅनलायझरच्या पडद्यावर जी रेघ यायची ती अशी गुळगुळीत, बरोबर हव्या त्या जागी उंच, दोन्हीकडे उतरती. अंधेरीच्या लॅबमध्येसुद्धा अशी रेघ मी क्वचित पाहिली असेल. शेवटी एक मनाजोगा फेट सापडला, झाकण चिकटपट्टीनं बंद केलं आणि डबी कुरिअरवाल्याच्या हाती जाळीतून दिली.

साहेबांनी ती थेट अर्नाळ्याला नेली. बोटी पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, त्यातल्या एका ओळखीच्या तांडेलाच्या बोटीवर चढवून पाहिली. मला फोन आला तेव्हा मागे वारा ऐकू येत होता, आणि त्याच्याही वर एक शिट्टी.

"ऐकतेस ना?" साहेब म्हणाले. "हा तुझा अ‍ॅम्प्लिफायर. तांडेल विचारतोय, मासे बोलवायला आहे का?"

शिट्टी म्हणजे सर्किट स्वतःच गायला लागलेलं. बाहेर गेलेल्या सिग्नलचा थोडा भाग चोरवाटेनं परत आत येतो, पुन्हा मोठा होतो, पुन्हा आत येतो, आणि मग अँटेना असो की नसो, ते आपलं आपलंच आरडत बसतं. मी म्हटलं, "शक्यच नाही. तुमची केबल बघा." त्यांनी केबल बदलली. "तुमचा बारा व्होल्टचा सप्लाय बघा." तोही बघितला. त्यांनी डबी परत पाठवली, मी टेबलावर घेतली, लावली, सासूबाईंनी विचारलं "धरू?", आणि रेघ पुन्हा तशीच, देखणी! मी तिचा फोटो काढून साहेबांना पाठवला आणि वर लिहिलं, बघा. मनात तर म्हटलं, तुमच्या गाळ्यातल्या पोरांना सोल्डर करता येत नाही आणि खापर माझ्यावर. डबी पुन्हा गेली. पुन्हा शिट्टी.

साहेब शांत माणूस, पण त्या दिवशी तेही वैतागले. "अगं, तुझ्या घरी चालतंय ना? मान्य. मग मी काय करू, तुझं घर उचलून बोटीवर बसवू? हे बघ, माझ्याकडे आता आठवडाही नाही. तू स्वतः ये, माझ्या कामाच्या बाकावर चालवून दाखव. नाही तर मी दुसऱ्याकडून घेतो, तुझ्यावर राग नाही."

राग नाही म्हणे. मी फोन ठेवून स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. घरात कुकरच्या वाफेचा वास, खिडकीच्या जाळीवर वाळत घातलेले टॉवेल, पावसामुळे न वाळणारे. समोरच्या इमारतीच्या जाळीतही टॉवेल. वाटलं, झालं, आता हेच. हा ओटा, ही जाळी, वाल, किल्ली, आणि मरेपर्यंत कोणीतरी मला ‘मला सोड बाय’ म्हणणार, आणि मी सोडणार नाही, आणि मला कोण सोडणार? मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही. बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, "काय गो झालं?" मी म्हटलं, "काही नाही, आई. कप्पाळ माझं."

त्या संध्याकाळी नवऱ्याला माझ्या तोंडावरूनच कळलं. मला वाटलं, सुटल्यासारखं वाटतंय याला. वाटलं म्हणजे काय, मला ते दिसलंच, आणि मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

डबी परत आली. मी ती लावली, पुन्हा तेच, गुळगुळीत रेघ. सासूबाईंचा हात झाकणावर. मी बोर्डाकडे टक लावून बघत बसले होते, आता याला काय विचारू, काय राहिलंय विचारायचं. तेवढ्यात खाली टँकर आला.

आमच्याकडे नळाला पाणी कधी येईल त्याचा भरवसा नाही, भर पावसाळ्यातही टँकर लागतो. त्याचा जाड पाइप इमारतीच्या टाकीत सोडला की पाण्याचा धो धो आवाज वरपर्यंत येतो. सासूबाईंच्या कानाला तो आवाज बरोबर लागतो. त्या दिवशीही लागला. "पानी आलं!" म्हणाल्या, आणि उठल्या. झाकणावरचा हात उचलला आणि दाराकडे निघाल्या.

आणि माझी रेघ वेडी झाली.

गुळगुळीत डोंगराच्या जागी काटे, सबंध पडद्यावर. मी म्हटलं, टँकरचा काही संबंध? पंप सुरू झाला का? मी उठून सासूबाईंना दारापासून परत आणायला गेले, "आई, पाणी मी लावते, तुम्ही बसा," असं म्हणत त्यांना खुर्चीत बसवलं. त्यांना आपलं काम आठवलं. हात झाकणावर गेला.

रेघ शांत.

मी त्यांचं मनगट धरून हात हळूच उचलला. काटे. ठेवला. गुळगुळीत. उचलला, ठेवला. "काय करतंस?" त्या चिडून म्हणाल्या. "धर म्हनतंस, उचल म्हनतंस!"

मी हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी. सबंध पावसाळाभर मी ज्याची मापं घेतली तो माझा अ‍ॅम्प्लिफायर नव्हताच, तो माझा अ‍ॅम्प्लिफायर आणि सासूबाई असा दोघांचा होता! त्यांनी दाबून धरलं की झाकण भिंतींना नीट टेकायचं, आतली चोरवाट बंद व्हायची. हात नसला की झाकण नुसतं वर तरंगल्यासारखं. चिकटपट्टीनं काय होतंय? अर्नाळ्याच्या तांडेलाला मी अर्धाच माल पाठवला होता. उरलेला अर्धा इथे खुर्चीत बसून वाल सोलत होता. जगात कुठल्या लॅबमध्ये अशी चूक झाली असेल? त्यासाठी आमचंच घर पाहिजे.

पण झाकण हे निमित्त. मूळ दुखणं आत होतं, आणि ते मीच हौसेनं घातलेलं, ते सॉकेट. कॉमन गेटमध्ये सगळं त्या जमिनीला बांधलेल्या पायावर असतं. तो पक्का बांधलेला असेल तरच येणारा आणि जाणारा एकमेकांपासून वेगळे राहतात, तो मधल्या भिंतीचं काम करतो. माझा गेट सॉकेटमध्ये खोचलेला, तिथून एक तारेची काडी, मग बोर्ड. बोटाच्या पेराएवढं अंतर. कागदावर ती जमीनच. पण इतक्या वेगाच्या सिग्नलला पेरभर तारही लांबच लांब, त्यामुळे माझा गेट खरं तर अधांतरी लोंबकळत होता, आणि भिंतीला भोक. बदलता यावं म्हणून ठेवलेली सोय, तिनंच घात केला. पुस्तकात हे पहिल्याच पानावर असतं. मी अंधेरीला असते तर शेजारच्या कोणीतरी सहज डोकावून म्हटलं असतं, अगं, हे सॉकेट काय? इथे डोकावणारं कोण होतं?

मी सॉकेट उखडून काढलं. बोर्डाला भोक पाडून फेट त्यात आडवा बसवला, गेटचा पाय अगदी आखूड कापून तांब्यावर चपटा दाबला आणि भरपूर सोल्डर घातलं. आता बदलणं नाही. ड्रेनच्या पायात एक लहानसा रेझिस्टर घातला, उधळणाऱ्याला लगाम म्हणून. हे करताना मी कांडी टेकवून लगेच उचलत होते, कारण तो मनाजोगा फेट एकच होता. जळला असता तर दुसरा शोधायला वेळ नव्हता.

मग लावलं. सासूबाईंनी सवयीनं खुर्ची ओढली, हात ठेवला. रेघ गुळगुळीत. ती काय, आधीही होती. आता खरी परीक्षा.

"आई, सोडा आता."

त्यांनी ऐकलं नाही.

"आई, हात काढा. बघायचंय मला."

"सोडू नको म्हनलीस."

"हो, म्हटलं होतं. आता सोडायचं."

"तुझं काम बिघडंल."

"नाही बिघडणार. सोडा."

त्यांनी माझ्याकडे अशा संशयानं पाहिलं, की ही तीच बाई आहे ना? मग मी त्यांचा हात माझ्या दोन्ही हातांत घेऊन उचलला. तळव्यावर झाकणाच्या कडेचा लाल वळ उठला होता. मी पडद्याकडे पाहिलं. रेघ तशीच. झाकण काढलं, तरीही तशीच, जराशी हलली एवढंच. "झालं!" मी ओरडले. "आई, झालं! धरायला नको आता!"

त्या आपल्या रिकाम्या हाताकडे बघत होत्या. "मंग मी काय धरू?"

मी उठले. ज्या तुपाच्या डब्याचा पत्रा मी कापला होता, त्याच्या जोडीचा दुसरा फडताळात होता, रिकामा, झाकणासकट. तो आणून त्यांच्यापुढे ठेवला. "हे धरा." त्यांनी धरलं. मला घाई होती, मला साहेबांना फोन करायचा होता.

नवऱ्यानं सुट्टी घेतली आणि मी गाळ्यावर गेले. साहेबांच्या बाकावर डबी ठेवली, लावली, झाकण उघडं टाकलं आणि दोन पावलं मागे उभी राहिले, हात पाठीमागे. साहेब बघत होते, बघत होते. मग म्हणाले, "आता गप्प आहे की गं." दुसऱ्या दिवशी अर्नाळ्याहून फोन आला, शिट्टी नाही, आणि कुठल्यातरी लांबच्या बंदराचं बोलणं स्वच्छ येतंय. तांडेल म्हणाला म्हणे, आता मासे कसे बोलवायचे? नारळी पौर्णिमेला त्याची बोट माझी डबी घेऊन दर्यात गेली. आणि मला काम मिळालं.

बाई मिळाली तीही चांगली, आमच्याच इमारतीमागे राहणारी, मावशी म्हणतो आम्ही. किल्ली मी माझ्या गळ्यातून काढून तिच्या हातात दिली. पहिल्या दिवशी सासूबाईंच्या हाती तो तुपाचा डबा देऊन जिना उतरताना मला इतकं हलकं वाटत होतं की लाज वाटावी. खाली टँकर उभा होता, त्याच्या ड्रायव्हरला मी विनाकारण हसले.

दुपारी मावशींचा फोन. "ताई, आजी जेवत नाहीत. तो डबा सोडायलाच तयार नाहीत. दोन्ही हातांनी धरून बसल्यात. म्हणतात, तिचं काम बिघडंल."

"फोन त्यांच्या कानाला लावा," मी म्हटलं. "आई? मी बोलतेय. काम झालं माझं. सोडा तो डबा आणि जेवा."

पलीकडून त्यांचा आवाज, मावशींना उद्देशून: "ही कोन बोलते? मला काय म्हाईत? ती आली की सोडीन."

मावशींनी चमच्यानं भरवलं. मी बाकावर परत आले, दुसऱ्या सर्किटचा हिशेब समोर होता, तो केला. कसा केला विचारू नका. मधूनमधून माझा हात गळ्याशी जायचा, दोरा चाचपायला.

संध्याकाळी घरी पोचले. मावशींनी आतून कुलूप काढलं, मी आत गेल्यावर पुन्हा लावलं. सासूबाई टेबलाशी होत्या, माझ्या खुर्चीशेजारच्या खुर्चीत, पाठ ताठ. दोन्ही तळवे झाकणावर. मावशी म्हणाल्या, दिवसभर दाराकडे बघितलंसुद्धा नाही हो, एवढी गुणी आजी मी पाहिली नाही. मी सासूबाईंसमोर बसले. बोटं पांढरी पडली होती.

"आई, झालं. मी आले."

त्यांनी मला नीट निरखून पाहिलं. पटलं असावं. एक हात उचलला, मग दुसरा, मांडीवर ठेवून चोळायला लागल्या.

"दमले बाय," त्या म्हणाल्या. "आता जरा तू धर."

मी पर्स खांद्यावरून न काढताच झाकणावर हात ठेवला.